चिकटलेले दोन बॉल आणि अकरा महिने

परभणीच्या शाखेत मी रुजू झालो तो १२ जून २०२३, सोमवार. मुलीची दहावी म्हणून बायको आणि ती संभाजीनगरलाच राहिल्या. मला स्टेशनच्या मागच्या गल्लीत पत्र्याची खोली मिळाली. मेस साडेआठला उघडायची, बँकेतून सुटायचो सव्वासहाला, आणि मधले दोन तास त्या पत्र्याखाली बसणं शक्य नव्हतं. असा मी एका पूल पार्लरचा जिना चढलो. पूल म्हणजे टेबलावर क्यू नावाच्या काठीनं बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ. वय ४२. त्याआधी खेळलो होतो तो फक्त कॅरम, तोही वसमतला वाड्यात, बोरिक पावडर टाकून.

वर आठ फुटी पूलची दोन टेबलं आणि कोपऱ्यात फाटक्या कापडाचं एक स्नूकरचं. मालकांना सगळे मामू म्हणतात. तरुणपणी हैदराबादला स्नूकर शिकलेले, त्यामुळे आम्ही ज्याला कॉम्बिनेशन म्हणतो (एका बॉलनं दुसरा बॉल आत घालणं) त्याला ते 'प्लांट' म्हणतात. दर तासाला १२० रुपये आणि रिवाज असा की हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे भरायचे. पहिले दोन महिने टेबल मीच भरलं.

ज्या शॉटसाठी पुढचे अकरा महिने गेले तो पहिल्याच आठवड्यात बघितला. दोन बॉल एकमेकांना चिकटून उभे होते. दोघांच्या मधून रेघ ओढली तर ती कोपऱ्यातल्या पॉकेटच्या बरीच डावीकडे, कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर जात होती. मी मनात म्हटलं, हा काही जात नाही. बीसीएला असलेल्या एका पोरानं पांढऱ्या बॉलनं पहिल्या बॉलला डाव्या अंगानं हलकंच मारलं. दुसरा बॉल रेघ सोडून उजवीकडे वळला आणि आत पडला.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"थ्रो आहे काका," पोरगं क्यूच्या टोकाला चॉक लावत म्हणालं. "बॉल बॉलला घासतो ना, मग ओढला जातो."

एवढंच. त्या वाक्यात सगळं होतं हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं पोरगं टाळतंय.

मग मी सगळे करतात तेच केलं. रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या बॉलला डावी-उजवी साइड मारत सुटलो. साइड म्हणजे पांढरा मधोमध न मारता कडेला मारायचा, म्हणजे तो स्वतःभोवती फिरत जातो. व्हिडिओत बरोबर सांगितलं होतं: डावी साइड मारली की समोरचा बॉल थोडा उजवीकडे ओढला जातो. एका बॉलवर करून बघितलं, खरं निघालं. मग चिकटलेल्या जोडीवर केलं, तर दुसरा बॉल डावीकडे गेला! पुन्हा केलं, पुन्हा डावीकडे. जुलैचे दोन आठवडे मी हात वाकडा पडतोय समजून क्यू पकडण्याची पद्धत बदलत बसलो. त्यात अंगठा सुजला, तो वेगळाच.

उत्तर मिळालं ते रसवंतीवर. पावसाळ्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं, मालकाचं पोरगं चरक पुसत होतं आणि रिकामाच हातानं फिरवत होतं. एक दांतेरी चाक इकडे फिरलं की शेजारचं तिकडे फिरतं, तिसरं परत पहिल्यासारखं. मी ग्लास तसाच धरून बघत राहिलो. बॉलचं तेच चाललेलं. डाव्या साइडनं पांढरा आला की पहिल्या बॉलला उजवीकडे ओढतो, पण त्याच वेळी त्याला उलटी फिरकीही देतो. ती उलटी फिरकी दुसऱ्या बॉलला डावीकडे घासते आणि पहिल्याच्या उजवीकडे सरकण्यावर वरचढ ठरते. म्हणजे एक बॉल असेल तर एक दिशा, चिकटलेली जोडी असेल तर बरोबर उलटी. आणि हा परिणाम तसाही लहान. पोरानं साइड मारलीच नव्हती. त्यानं पहिल्या बॉललाच डाव्या अंगानं मारून उजवीकडे ढकललं होतं, आणि जाता जाता तो दुसऱ्याला सोबत घासत घेऊन गेला.

तेव्हा कुणी सुरुवात करणार असेल तर चिकटलेल्या जोडीपुरतं एवढं धरा: दुसरा बॉल ज्या बाजूला वळवायचा असेल, पहिल्याला त्याच्या उलट अंगाला मारायचं आणि पांढऱ्याला साइड द्यायची नाही. माझे दोन आठवडे ह्या एका ओळीत गेले.

जुलैच्या मध्यापासून मामूंनी एक सोय करून दिली. रविवारी सकाळी ९ ते ११ टेबलं रिकामी असतात, त्या वेळी एकट्यानं सराव केला तर निम्मे पैसे, ६० रुपये तास. अट एकच, कूलर लावायचा नाही. मला ते बिलाचं कारण वाटलं. नंतर समजलं की कूलरची ओली हवा कापडावर बसते, कापड जड होतं आणि बॉल रांगायला लागतात. मामू उन्हाळ्यातसुद्धा कूलरचं तोंड टेबलाकडे करू देत नाहीत, गिऱ्हाइकाला कितीही घाम येवो.

सरावातली अडचण अशी की दर वेळी बॉल त्याच जागी ठेवायचे कसे. जागा केसभर बदलली की आधीच्या शॉटशी तुलना संपली. बँकेत फाइलीचं भोक फाटू नये म्हणून ज्या गोल चिकट चकत्या लावतात, त्यांचं एक पाकीट मी विकत आणलं (विकत, हे मुद्दाम लिहितोय). कापडावर चकती चिकटवली की बॉल तिच्या भोकात बरोबर बसतो. तीस रुपयांत वर्षभराची सोय. उठताना काढून टाकायच्या, नाहीतर मामू ओरडतात.

पॉकेटपासून दोन फुटांवर जोडी ठेवायची, रेघ मुद्दाम थोडी डावीकडे वळवायची, मारायचं. रेघ अजून वळवायची, मारायचं. पुस्तकी हिशेब असा की हलक्या हातानं मारलं तर थ्रो जास्तीत जास्त फुटामागे एक इंच मिळतो. दोन फुटांवर दोन इंच, म्हणजे जवळजवळ एका बॉलची जाडी, कारण पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा असतो. मला सुरुवातीला त्याच्या निम्मासुद्धा मिळत नव्हता. कारण माझा जोर. बँकेत दिवसभर शिक्के मारणारा माणूस इथंही शिक्काच मारायचा.

"काका, कामून इतका जोर लावू लागले?" पोरं विचारायची. मामू वेगळ्या शब्दांत सांगायचे: "जोर नक्को लगाव सर. बॉल को बॉल से बात करने का टाइम देव." हे मला शायरी वाटायचं. पण जोरात मारलं की बॉल एकमेकांवर घसरून जातात, धरून ओढत नाहीत, हे त्या शायरीतलं भौतिकशास्त्र. हळू मारलं की थ्रो वाढतो. अति बारीक घासूनही फायदा नाही. पहिला बॉल साधारण अर्धा झाकला जाईल इतका जाड मारला तर सगळ्यात जास्त मिळतो. हे हातात बसायला दिवाळी उजाडली.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा क्यू घेतला. ऑनलाइन, ३,२०० रुपये. डिलिव्हरीवाल्याचा ओटीपी बायकोच्या मोबाइलवर आला, त्यामुळे लपवाछपवीला वाव राहिला नाही. "पगार गोट्या खेळण्यात घालवू लागलात का?" तिनं विचारलं. मी सांगितलं की पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं होतं, हा असा तसा खेळ नाही. "ते बिलियर्ड्स. तुम्ही गोट्याच खेळायलात," ती म्हणाली. मुलगी हसली. विषय संपला. क्यू मात्र घरात आला. त्याची टिप, म्हणजे टोकाचा चामड्याचा तुकडा, दोन महिन्यांत पत्र्यासारखी गुळगुळीत झाली. नवी बसवायला १५० रुपये आणि बारा दिवस, कारण टिप बसवणारे गृहस्थ नांदेडहून महिन्यातून दोनदाच येतात. क्यू घेणार असाल तर टिप कोण बसवतो ते आधी विचारा.

डिसेंबरमध्ये मी दुसऱ्या खड्ड्यात पडलो. चिकटलेली जोडी जमायला लागली म्हणून मला वाटलं आता फट असलेली कॉम्बिनेशनं पण येतील. खेळात चिकटलेले बॉल कितीदा मिळतात? आठवड्यातून चार वेळा. फट असलेले दर डावाला. आणि ते माझे एकही जाईनात. चिकटलेल्या जोडीची सवय म्हणून मी इथंही पहिल्याला उलट अंगाला घासायचो आणि दुसरा बॉल भलतीकडेच जायचा.

ह्याचा उलगडा मी एका शनिवारी बँकेच्या रद्दी कागदावर कंपासनं वर्तुळं काढून केला. पहिला बॉल मोकळा प्रवास करून दुसऱ्याला भेटणार असेल तर त्याची दिशा जरा चुकली की तो दुसऱ्याला भलत्या जागी भेटतो. मधल्या फटीत जितके बॉल मावतील तितक्या पट चूक वाढते. एक बॉल मावेल इतकी फट असेल तर पहिल्याची एक अंशाची चूक दुसऱ्यात एक अंशाची, पण उलट बाजूला. तीन मावत असतील तर तीन अंश. पाच मावत असतील तर मी आता तो शॉट घेतच नाही. बॉल पॉकेटच्या तोंडावरच बसलेला असेल तर गोष्ट वेगळी.

एक-दोन मिलिमीटरची फट असेल तर थ्रोच जिंकतो, चिकटलेलीच समजा. पण बोटाच्या पेराएवढी झाली की थ्रो हरतो आणि कट (बॉलला कडेला लागून दिशा वळणं) जिंकतो, म्हणजे ज्या अंगाला मारून बॉल उजवीकडे जायचा त्याच अंगाला मारून तो डावीकडे जातो. मधे कुठेतरी दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि काही केलं तरी बॉल सरळच जातो. म्हणून क्यू उचलायच्या आधी टेबलाच्या कडेला वाकून दोन बॉलांच्या मधून उजेड दिसतो का ते बघायचं. पोरं सुरुवातीला हसायची, "काका एक्स-रे काढू लागले". आता त्यांतली दोघं वाकतात.

साइडबद्दल. फट असलेल्या कॉम्बिनेशनवर साइड मारणं म्हणजे उधारीवर व्याज. डाव्या साइडनं पहिला बॉल उजवीकडे सरकतो, म्हणून दुसऱ्याला उजव्या अंगाला भेटतो, म्हणून दुसरा डावीकडे जातो. वर पहिल्याच्या अंगात आलेली फिरकी त्याला आणखी डावीकडेच ढकलते. दोन्ही चुका एकाच बाजूला. त्यात डावी साइड मारताना पांढरा स्वतःच किंचित उजवीकडे फेकला जातो ती तिसरी. मी साइड शिकायला पाच महिने दिले आणि कॉम्बिनेशनमध्ये ती वापरायची नाही हे कळायला आणखी दोन. एकच जागा मला सापडली जिथं ती कामाची आहे. पहिला बॉल कट करून न्यायचा असतो तेव्हा पांढऱ्याच्या घासण्यानं तो हवा त्यापेक्षा जाड, म्हणजे कमी वळून जातो. उजवीकडे कट असेल तर चिमूटभर डावी साइड दिली की ती घासणी मरते आणि बॉल रेघेवर राहतो. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच, भाजीत हिंग असतो तेवढी.

फेब्रुवारीत संभाजीनगरच्या एका खासगी क्लबच्या खुल्या स्पर्धेची माहिती ग्रुपवर आली. आठ बॉलचा पूल, १८ आणि १९ मे, प्रवेश फी ६०० रुपये. पोरांनी मला न विचारता नाव दिलं. फॉर्मला आधारची स्वतः सही केलेली झेरॉक्स, एक फोटो आणि पैसे भरल्याचा पुरावा. माझा फॉर्म परत आला कारण पुरावा म्हणून मी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये व्यवहार क्रमांक कापला गेला होता. हे मी रोज काउंटरवर बसून लोकांना ऐकवतो, तेच मला ऐकावं लागलं. दुसऱ्यांदा पाठवला, मग नऊ दिवस उत्तर नाही, मग नुसता एक अंगठा. त्याला मंजुरी समजायचं की नाही हे विचारायला फोन करावा लागला. मंजुरीच होती.

मार्चमध्ये मुलीची परीक्षा, एप्रिलमध्ये निवडणूक. परभणीचं मतदान २६ एप्रिलला होतं आणि बँकवाल्यांना ड्युटी लागतेच. दोन प्रशिक्षणं, दोन्ही रविवारी, दोन्ही माझ्या सरावाच्या वेळेत. मतदानाच्या आदल्या दिवशी जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत यंत्राच्या पेट्यांशेजारी झोपलो. चटईवर पडून मी खडूच्या तुकड्यांनी फरशीवर जोडी मांडून बघत होतो. केंद्रावरच्या शिपायांनी विचारलं, "साहेब, देव मांडू लागले का?"

शनिवारची किरकोळ रजा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी, दोन वेगळे अर्ज. कारणाच्या रकान्यात "घरगुती" लिहिलं. नियमांत कॉलरचा टीशर्ट, काळी पँट आणि बूट, शिवाय कॉम्बिनेशन असेल तर बॉल आणि पॉकेट आधी बोलून दाखवायचं. ड्रॉची पीडीएफ शुक्रवारी रात्री अकरा वाजता आली आणि माझी वेळ शनिवारी दुपारी चारची निघाली. सकाळी तपोवन एक्सप्रेस पकडली.

हॉल एसीचा, कापड नवं, बॉल इतके चकचकीत की ट्यूबलाइट त्यांत दिसत होती. हे बघून मला आनंद झाला. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

पहिला सामना ४-२ जिंकलो. समोरचा मुलगा दोनदा काळा चुकीच्या वेळी घालून बसला, त्यात माझं काही नाही. दुसऱ्या फेरीत, १-१ असताना, समोर जोडी आली. चिकटलेली. पॉकेटपासून दोन फूट, रेघ डावीकडे एका बॉलच्या जाडीला थोडी कमी. ४१ रविवारांचा माझा शॉट. वाकून उजेड बघितला, उजेड नव्हता. बॉल आणि पॉकेट मोठ्यानं सांगितलं. डाव्या अंगाला, अर्धा, हलका. दुसरा बॉल उजवीकडे वळला, पण वळायचा तेवढा वळला नाही. डाव्या जबड्याला लागून तिथंच थांबला. समोरच्यानं टेबल साफ केलं.

परत त्याच डावात असतो तर कळलं असतं का? नाही. पुढच्या डावात आणखी एक जोडी अशीच गेली आणि तेव्हा मी हातातला बॉल बघितला. त्यावर काहीच नव्हतं. ना चॉकची पूड, ना हाताचं तेल, ना परभणीची धूळ. मामूंकडचे बॉल महिन्यातून एकदा पुसले जातात. मी वर्षभर जे शिकलो तो त्या मळलेल्या बॉलांचा थ्रो होता. स्वच्छ, पॉलिश केलेले बॉल कमी घासतात, कमी ओढतात. त्या दिवशी रेघ अर्ध्या बॉलपेक्षा जास्त बाहेर होती तर शॉट घ्यायलाच नको होता.

४-१ हरलो. जिंकलेला एक डाव पहिलाच. शेवटच्या डावात अर्ध्या बॉलची फट असलेलं एक कॉम्बिनेशन होतं, साइड न देता, सरळ मधोमध. गेलं. मागोमाग पांढराही दुसऱ्या पॉकेटमध्ये गेला, फाऊल. बायको आणि मुलगी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. "पांढरी गोटी पण आत गेली की बक्षीस मिळतं का?" बायकोनं विचारलं, आणि खरंच कुतूहलानं विचारलं.

खर्च विचारणाऱ्यांसाठी, वहीतून: रविवारचा सराव ४,९२०, संध्याकाळी हरून भरलेलं टेबल अंदाजे ७,०००, क्यू ३,२००, टिप १५०, फी ६००, प्रवास-खाणं आणि बूट १,४५०. एकूण १७,३२०, चकत्यांचे तीस सोडून. क्यू न घेता भागतं. पण स्पर्धेला जाणार असाल तर आदल्या दिवशी तिथं जाऊन एक तास टेबल घ्या आणि त्यांच्या बॉलवर थ्रो किती मिळतो ते आधी मोजा. हा तासभराचा खर्च मी वाचवला होता.

२६ मेचा रविवार. मी मामूंना विचारून एका सेटमधले आठ बॉल डिटर्जंटच्या पाण्यात धुतले, टॉवेलनं पुसून पंख्याखाली वाळवले, बाकीचे तसेच ठेवले. चकत्या लावल्या, तीच जोडी, तोच कोन, तोच हात. न धुतलेली जोडी कुशनवर चार बोटं बाजूला लागत होती. धुतलेली अडीच बोटं. वीस वीस वेळा मारलं. मग धुतलेल्या बॉलवर दोघं जिथं टेकतात तिथं चॉकचा ठिपका लावून मारलं, तर तो एकदम पाच बोटं गेला आणि वर उडाल्यासारखा झाला. मामू खुर्ची ओढून बघत बसले होते. "किक बोलते इसकू," एवढंच म्हणाले.

अकराला बिल झालं. दोन तासांचे १२० आणि खाली वेगळ्या ओळीत, पावडर १० रुपये.